फुटबॉल व्यवस्थापन आणि क्रीडा प्रक्षेपण : रोजगाराचे मोजमाप

गुढियारी ही रायपूर शहरातील रेल्वेरुळांपलीकडची दाट वस्ती. वॅगन दुरुस्तीचा रेल्वे कारखाना या बाजूपासून दूर नाही. किराणा, धान्य आणि वाहतुकीच्या व्यवसायांवर येथील अनेक घरे चालतात. अशा वस्तीतील पालकापुढे त्याचा मुलगा किंवा मुलगी आज एक नवाच प्रस्ताव ठेवते. बारावीनंतर क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करायचा, पुढे एखाद्या फुटबॉल क्लबमध्ये किंवा क्रीडा वाहिनीत नोकरी धरायची, असा तो प्रस्ताव असतो. पालकाला फुटबॉलपटू ठाऊक असतो, पंच ठाऊक असतो, शाळेतील क्रीडाशिक्षकही ठाऊक असतो. 'फुटबॉल व्यवस्थापक' म्हणजे कोण, त्याला पगार कोण देतो आणि तो पगार किती वर्षे चालू राहतो, हे त्याला कोणी सांगत नाही. जाहिरातीतील माहितीपत्रक तर या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या दोघांना स्पर्शही करीत नाही. आजच्या विवेचनाचा रोख याच दोन प्रश्नांवर आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये 'मॅनेजर' म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि खेळाडूंच्या खरेदीतही लक्ष घालणारा मुख्य प्रशिक्षक. अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ अशी २७ वर्षे मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते, ते या अर्थाने. ही वाट मैदानावरून जाते आणि तिच्यासाठी प्रशिक्षकाचे परवाने लागतात. दुसरा अर्थ क्लबच्या कारभाराचा आहे. तिकिटे, प्रायोजक, प्रवास, करार, हिशेब, प्रसारमाध्यमे, प्रेक्षकांची सुरक्षितता हा सारा व्याप त्यात येतो. या कामासाठी स्वतः फुटबॉल खेळलेले असणे उपयोगी असले तरी अनिवार्य नाही. व्यवस्थापनाच्या पदविका बहुधा या दुसऱ्या कामासाठी असतात, आणि त्या घेणारे विद्यार्थी मात्र बऱ्याचदा पहिल्या कामाचे स्वप्न पाहत असतात.

कायम नोकरीच्या संघाकडून कराराच्या क्लबकडे

भारतातील फुटबॉलचा रोजगार एकेकाळी अगदी वेगळ्या पायावर उभा होता. रेल्वे, पोलीस, बँका, सार्वजनिक उपक्रम आणि गिरण्या-कारखाने आपापले संघ बाळगीत. खेळाडू हा त्या संस्थेचा कर्मचारी असे. खेळण्याचे वय सरले की तो कार्यालयातील टेबलावर बसे आणि निवृत्तिवेतन घेऊन घरी जाई. संघाचा व्यवस्थापकही त्याच आस्थापनेवरील एखादा अधिकारी असे. त्यामुळे 'फुटबॉल व्यवस्थापक' असा स्वतंत्र व्यवसाय निर्माण होण्याचे कारणच नव्हते. रेल्वेच्या सावलीत वाढलेल्या गुढियारीसारख्या वस्तीला ही क्रीडा कोट्याची व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. तिच्यात पगार माफक होता, पण तो साठीपर्यंत मिळण्याची खात्री होती.

या व्यवस्थेचा शेवट मुंबईत स्पष्ट दिसला. महिंद्र युनायटेड या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो बंद करण्यात आला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या मुंबईतील दोन कार्यालयीन संघांना आय-लीगमधून वगळण्यात आले, कारण आशियाई महासंघाच्या क्लब परवाना निकषांत ते बसत नव्हते. त्या निकषांना अभिप्रेत असलेला क्लब हा स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेला, स्वतःचा ताळेबंद मांडणारा आणि युवा संघ चालवणारा असा उपक्रम आहे. कार्यालयाची क्रीडा शाखा त्या व्याख्येत बसत नाही. या बदलाने एका हाताने कायम नोकऱ्या नेल्या आणि दुसऱ्या हाताने नवी पदे निर्माण केली, हे नीट लक्षात घेतले पाहिजे.

नव्या पदांचे मूळ त्या परवान्याच्या नियमांतच आहे. निकषांचे पाच भाग आहेत : क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. कर्मचारी विभागात क्लबने कोणकोणती माणसे नेमली पाहिजेत हे सांगितलेले असते. मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्त अधिकारी, माध्यम अधिकारी, सुरक्षा अधिकारी, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, युवा विभागाचा प्रमुख ही त्यांतली काही. म्हणजे या नोकऱ्या बाजारातील मागणीने जितक्या निर्माण झाल्या, तितक्याच नियमाने निर्माण झाल्या. नियमाने जन्मलेली नोकरी टिकते, पण क्लब टिकला तर. पुण्याचा अनुभव येथे बोलका आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा व्यवस्थापनाच्या दृष्टीने चांगला चाललेला क्लब होता, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला. तो आज नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये थांबला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. एका दशकाच्या आसपास पुण्यात दोन व्यावसायिक क्लब उभे राहिले आणि मिटले. त्यांतील खेळाडूंना दुसरे संघ मिळाले असतील. तिकीट खिडकी सांभाळणाऱ्या, साहित्याचे कोठार पाहणाऱ्या, मुलांचे वर्ग घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची नोंद मात्र वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर होत नसते.

जागा किती?

रोजगाराविषयी बोलताना 'अमाप संधी' हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. त्याऐवजी साधा गुणाकार करून पाहावा. २०२४-२५ च्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये १३ आणि आय-लीगमध्ये १२ क्लब होते, म्हणजे वरच्या दोन पातळ्यांवर एकूण २५. खेळाडू वगळून प्रत्येक क्लबमध्ये ४० पूर्णवेळ माणसे काम करतात असे उदारपणे गृहीत धरू. हे गृहीतक आहे, पाहणीचा निष्कर्ष नव्हे. तरीही संपूर्ण देशातील पदे १,००० होतात. एक माणूस सरासरी पाच वर्षे पदावर राहतो असे मानले, तर दरवर्षी २०० जागा रिकाम्या होतील. यांतल्या काही माजी खेळाडूंना जातील, काही परदेशी तज्ज्ञांना, काही वैद्यकीय पदवीधरांना. क्रीडा व्यवस्थापनाची पदविका हातात घेऊन आलेल्या नवागतांसाठी उरणाऱ्या जागा फार तर काही डझन असतील. महासंघ, राज्य संघटना, अकादमी आणि स्पर्धा आयोजक कंपन्या धरल्या तर आकडा वाढतो, त्याचे स्वरूप मात्र बदलत नाही. या २५ क्लबांपैकी महाराष्ट्रात एक होता, मुंबई सिटी. विदर्भात किंवा छत्तीसगडमध्ये एकही नव्हता.

इंग्लंडशी तुलना करण्याचा मोह येथे होतो, आणि ती तुलना उद्बोधकही आहे. १९९२ मध्ये तेथे प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण हक्कांचा पाच वर्षांचा व्यवहार ३०.४ कोटी पौंडांचा होता. २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी केवळ ब्रिटनमधील हक्क ६७० कोटी पौंडांना गेले. क्लबांच्या कार्यालयांत विश्लेषक, विपणन अधिकारी, आहारतज्ज्ञ, कायदेतज्ज्ञ यांची जी फौज आज दिसते, ती या पैशातून उभी राहिली. तात्पर्य असे की फुटबॉल व्यवस्थापन आणि क्रीडा प्रक्षेपण हे दोन स्वतंत्र व्यवसाय दिसत असले तरी पहिल्याचे वेतन मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याच्या उत्पन्नातून येते. जेथे प्रक्षेपणाचा पैसा थांबतो, तेथे क्लबचे कार्यालयही ओस पडते.

भारतात हे २०२५ मध्ये घडले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले होते. त्याची वार्षिक सरासरी ४७ कोटींच्या आतच येते. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नूतनीकरणाविषयी निश्चिती नसल्याने जुलैत सुपर लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवला. काही क्लबांनी खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवल्याचे जाहीर केले. महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तेव्हा नोव्हेंबरातील मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग ते वर्ष संपेपर्यंत सुरू झाली नव्हती. याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याचे सामाजिक कारण भक्कम होते. क्रीडा प्रक्षेपणातील जाहिरातींचा एक मोठा स्रोत मात्र त्यामुळे आटला, आणि त्याची झळ लहान खेळांना अधिक बसली.

क्रिकेटचा आकडा शेजारी ठेवला की प्रमाण कळते. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे वर्षाला ९,६७८ कोटी. फुटबॉल महासंघाच्या वार्षिक सरासरीच्या हे सुमारे २०० पट आहे. दोन्ही करारांचे स्वरूप सारखे नाही, त्यामुळे ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. पण २०० पटींचे अंतर स्वरूपाच्या फरकाने भरून निघत नाही.

कॅमेऱ्यामागची माणसे

क्रीडा प्रक्षेपण म्हटले की डोळ्यांपुढे समालोचक येतो. प्रत्यक्षात समालोचक हा त्या यंत्रणेतील सर्वांत दृश्य आणि संख्येने सर्वांत छोटा घटक आहे. सामन्याच्या ठिकाणी मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये खरे काम चालते. दिग्दर्शक अनेक कॅमेऱ्यांची दृश्ये एकाच वेळी पाहतो आणि त्यांतले कोणते प्रेक्षकाला दाखवायचे हे क्षणात ठरवतो. व्हिजन मिक्सर ते दृश्य पुढे पाठवतो. रिप्ले चालवणारा तंत्रज्ञ गोल झाल्याबरोबर तीन कोनांतून तो पुन्हा तयार ठेवतो. ध्वनितंत्रज्ञ चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज आणि गर्दीचा गजर यांचा तोल सांभाळतो. ग्राफिक्सचालक धावफलक व आकडेवारी पडद्यावर आणतो. केबल टाकणारे, जनरेटर पाहणारे, उपग्रहाशी वा फायबरशी जोडणी करणारे वेगळेच. फुटबॉलमध्ये षटकांच्या मधली उसंत नसते, म्हणून या सर्वांना ४५ मिनिटे सलग सावध राहावे लागते. क्रिकेटमध्ये तयार झालेला तंत्रज्ञ फुटबॉलला आला की पहिले काही सामने त्याची तारांबळ उडते, ती यामुळेच.

येथेही गुणाकार उपयोगी पडतो. २०२४-२५ मध्ये सुपर लीगचे बाद फेऱ्यांसह १६३ आणि आय-लीगचे १३२, असे २९५ सामने झाले. प्रत्येक सामन्याला ६० तांत्रिक माणसे लागतात असे धरले, तर १७,७०० मनुष्यदिवसांचे काम निर्माण होते. एका स्वतंत्र तंत्रज्ञाला वर्षाकाठी १५० दिवसांचे काम मिळाले तर त्याचा संसार चालतो असे मानल्यास, या दोन लीगच्या बळावर अवघ्या ११८ माणसांचे पोट भरेल. एकाच दिवशी दोन-तीन शहरांत सामने असतात, म्हणून प्रत्यक्षात माणसे अधिक लागतात, आणि त्याच हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला दिवस कमी येतात. निष्कर्ष सरळ आहे. केवळ फुटबॉलच्या प्रक्षेपणावर जगण्याचा बेत कोणी आखू नये. कबड्डी, हॉकी, क्रिकेट, कुस्ती, बॅडमिंटन, शिवाय लग्न-समारंभ, राजकीय सभा व सांस्कृतिक महोत्सव यांच्या थेट प्रक्षेपणातही तेच कौशल्य चालते. ही त्या कौशल्याची मोठी जमेची बाजू आहे. क्लबच्या तिकीट विभागात पाच वर्षे घालवलेल्या माणसाला क्लब बंद पडल्यावर नवे क्षेत्र शोधावे लागते, रिप्ले यंत्र चालवणाऱ्याला फक्त नवा सामना शोधावा लागतो.

भाषेचा मुद्दा रायपूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये आयपीएलचे डिजिटल प्रक्षेपण १२ भाषांत झाले. त्यांत मराठी होती, भोजपुरीही होती. छत्तीसगढी नव्हती. इंडियन सुपर लीगच्या सामन्यांना इंग्रजी व हिंदीसोबत बंगाली आणि मल्याळम समालोचन मिळाले, कारण कोलकात्याचे व केरळचे प्रेक्षक मोठ्या संख्येने सामने पाहतात. म्हणजे समालोचनाची भाषा ही प्रेक्षकसंख्येच्या मागे जाते. गुढियारीतील मराठी घरात वाढलेली मुलगी घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलते. या तिन्ही भाषांत चेंडूच्या वेगाने बोलता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिला बाजारात मोल येण्याची शक्यता वाढत आहे. मात्र आजकाल समालोचक मैदानावर जातोच असे नाही. चित्र दूरवरून येते आणि तो बहुधा मुंबईतील स्टुडिओत पडद्याकडे पाहून बोलतो. त्यामुळे भाषा रायपूरची असली तरी नोकरी मुंबईचीच राहते, आणि मुंबईतील घरभाडे हा त्या नोकरीच्या पगारातून वजा करण्याचा पहिला आकडा ठरतो.

प्रक्षेपणाच्या क्षेत्रात शासनाची भूमिका केवळ परवाने देण्याची राहिलेली नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. तो खटला एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवला होता. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे थेट चित्र खासगी हक्कधारकाने प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. जाहिरातींचे उत्पन्न दूरचित्रवाणीसाठी हक्कधारकास ७५ व प्रसार भारतीस २५, आणि नभोवाणीसाठी निम्मे-निम्मे, असे वाटून घेण्याची त्यात तरतूद आहे. प्रेक्षकाच्या हक्काचा विचार या कायद्याने केला. स्थानिक खेळांच्या प्रक्षेपणाचा, आणि त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत निर्माण होऊ शकणाऱ्या कामाचा विचार मात्र अद्याप कोणत्याच धोरणात पुरेसा झालेला नाही. हे रायपूरमध्ये बोलताना एक आठवण अपरिहार्य ठरते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा प्रदेशांत रायपूरचा परिसर होता. देशातील कित्येक शहरांच्या आधी येथील खेड्यांनी दूरचित्रवाणीचा पडदा पाहिला. पन्नास वर्षांनंतरही हा परिसर मुख्यतः पाहणाऱ्यांचाच राहिला, दाखवणाऱ्यांचा झाला नाही.

कोल्हापूर आणि नागपूर

मुंबईच्या मोठ्या लीगशिवाय फुटबॉलचे अर्थकारण असूच शकत नाही, असे मात्र नाही. कोल्हापूर हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील संघ पेठांतील तालमींतून निघाले : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांना पेठापेठांतून प्रेक्षक लोटतात. स्थानिक संघांनी परदेशी, विशेषतः नायजेरियन खेळाडूही आणले. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. या फुटबॉलला राष्ट्रीय वाहिनीचा आधार नव्हता, त्यामुळे ती वाहिनी दूर गेल्याने तो कोसळण्याचाही प्रश्न नव्हता. गल्लीतील निष्ठा, स्थानिक व्यापाऱ्यांची बक्षिसे आणि मैदानावरील प्रेक्षक यांवर तो उभा आहे. यात वर्षभराच्या वेतनाच्या नोकऱ्या थोड्या, हंगामी कामे बरीच. सामने आता यूट्यूबवरूनही दाखवले जातात आणि कॅमेरा धरणारे, मराठीत समालोचन करणारे तरुण त्याच गावचे असतात. (पेठांमधील वैरामुळे सामने अनेकदा हाणामारीपर्यंत गेले, हेही नमूद केले पाहिजे. प्रेक्षक व्यवस्थापन हा विषय शिकायला याहून कठीण शाळा सापडणार नाही.)

नागपूरची वाट वेगळी. रायपूर आणि नागपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, आजही मुंबई-हावडा मार्गावर ती एकमेकांपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहेत. नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केले. 'स्लम सॉकर' या नावाने ते काम वाढले, २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मधील 'झुंड' या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचवले. रोजगाराच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट चित्रपटात फारशी येत नाही. मैदानावर आलेल्या मुलांपैकी काहीजण पुढे प्रशिक्षक, गटप्रमुख, कार्यक्रम समन्वयक झाले. विकासाच्या कामात फुटबॉल हे साधन असते आणि त्यासाठी हिशेब ठेवणारी, अहवाल लिहिणारी, पालकांशी बोलणारी माणसे लागतात. हेही फुटबॉल व्यवस्थापनच आहे, फक्त त्याच्या पदविकेच्या माहितीपत्रकावर रोषणाईतले स्टेडियम छापलेले नसते.

रायपूरहून निघणाऱ्यांसाठी

प्रशिक्षणाची वाट धरणाऱ्यास परवान्यांची उतरंड ओळखावी लागते. महासंघाचा 'डी' परवाना ही प्राथमिक पायरी, नंतर आशियाई महासंघाचे 'सी', 'बी', 'ए' आणि 'प्रो'. प्रत्येक पायरीनंतर प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव आवश्यक असल्याने वरच्या पायरीला पोहोचण्यास बरीच वर्षे जातात. खालिद जमील यांची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्या संघांतून ते खेळले. २००९ पासून मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१६-१७ मध्ये त्यांनी ऐजॉलसारख्या लहान क्लबला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ते ज्या तीन संघांतून खेळले त्यांपैकी एकही आज वरच्या पातळीवर नाही. माणूस टिकला तो त्याच्या परवान्यांमुळे आणि कामामुळे.

खेळाडूंचे प्रतिनिधी होण्यासाठी फिफाने २०२३ पासून पुन्हा परीक्षा सुरू केली. २० प्रश्न, एक तास, उत्तीर्ण होण्यास ७५ टक्के गुण. परीक्षेला कोणतीही महागडी पदविका लागत नाही, नियमांचा अभ्यास लागतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने खेळाडू मिळतातच असे नव्हे, आणि येथे ओळखीपाळखीचा प्रभाव जबरदस्त आहे, हे जाणून त्यात उतरावे.

प्रक्षेपणाकडे वळणाऱ्यांना रायपूरमध्येच काही पाया मिळू शकतो. कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ येथे आहे. आकाशवाणीचे केंद्र १९६३ पासून आहे आणि माइकपुढे शुद्ध व स्पष्ट बोलण्याची जी शिस्त आकाशवाणी देते ती आजही कोणत्याही खासगी अकादमीपेक्षा कमी नाही. ध्वनी व संकलनाचे सखोल शिक्षण हवे असेल तर पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, मराठी पत्रकारितेसाठी अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. शारीरिक शिक्षणासाठी ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ पासून कार्यरत आहे. या सर्व सार्वजनिक संस्था आहेत, त्यांत प्रवेश मिळवणे कठीण आहे आणि फी तुलनेने आवाक्यातली.

खासगी अभ्यासक्रमाच्या बाबतीत पालकाने कर्जाचे गणित कागदावर मांडावे. पाच लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १०,६२४ रुपये येतो. वर्षाचे १,२७,४८८ रुपये. क्रीडाक्षेत्रातील नवागताला काम बहुधा हंगामापुरते मिळते. हंगाम सात महिन्यांचा धरला, तर बारा महिन्यांचे हप्ते सात महिन्यांच्या कमाईतून काढावे लागतील, म्हणजे कामाच्या प्रत्येक महिन्यात १८,२०० रुपयांहून अधिक रक्कम केवळ कर्जासाठी बाजूला पडेल. त्याखेरीज मुंबई, बंगळूर किंवा कोलकात्यातील राहण्याचा खर्च. बँकेच्या व्यवस्थापकाला हंगाम ठाऊक नसतो. संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तिच्या मागील तीन तुकड्यांतील किती विद्यार्थी आज क्रीडाक्षेत्रात पगारी कामावर आहेत, हे विचारावे. 'इंटर्नशिप मिळाली' हे उत्तर स्वीकारू नये. विनावेतन इंटर्नशिप हा रोजगार नव्हे. ज्याच्या घरी मुंबईत राहण्याची सोय आहे त्यालाच ती परवडते, आणि गुढियारीतील विद्यार्थी त्या शर्यतीत पहिल्याच पावलाला मागे पडतो.

मग येथे राहून काय करता येईल? रायपूरच्या हॉकी स्टेडियमवर २०१५ मध्ये हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी झाली. शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट स्टेडियमवर जानेवारी २०२३ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. नारायणपूर येथे रामकृष्ण मिशन आश्रमाच्या मैदानावर २०२४ मध्ये २० वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरली, बस्तरच्या त्या भागाची ओळख बाहेर केवळ हिंसाचाराने होत असताना. बालोद जिल्ह्यातील किरण पिस्दा भारतीय महिला संघात पोहोचली आणि क्रोएशियातील क्लबकडूनही खेळली. म्हणजे मैदाने आहेत, खेळाडू आहेत, प्रसंगही आहेत. अशा प्रत्येक स्पर्धेला निवास, वाहतूक, वेळापत्रक, वैद्यकीय पथक, स्वयंसेवक, तिकिटे आणि थेट चित्रण यांसाठी माणसे लागतात. ती बऱ्याचदा दिल्ली-मुंबईच्या कंत्राटदारासोबत येतात आणि त्याच्यासोबत परत जातात. स्पर्धेला मैदान वा अनुदान देताना राज्य शासनाने ठराविक प्रमाणात स्थानिक तरुणांना तांत्रिक पथकात शिकाऊ म्हणून, वेतनासह, घेण्याची अट करारात घातली तर कोणत्याही नव्या योजनेवाचून हे काम सुरू होऊ शकते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात नवी मुंबईसह सहा शहरांत ५२ सामने झाले आणि १३,४७,१३३ प्रेक्षक आले. एवढ्या गर्दीचे नियोजन हाताळलेली माणसे पुढे इतर स्पर्धांना उपयोगी पडली. अनुभव हा येथे सर्वांत मोलाचा दाखला आहे आणि तो मैदानावरच मिळतो.

लहान प्रमाणावर तर आजच सुरुवात करता येते. जिल्हा स्पर्धेतील एक सामना दोन कॅमेरे, एक संगणक, एक ध्वनिमिश्रक आणि बऱ्या इंटरनेट जोडणीवर दाखवता येतो. ही सामग्री शहरातील विवाह चित्रण करणाऱ्यांकडे भाड्याने मिळते, आणि लग्नसराई नसलेल्या महिन्यांत ती पडूनच असते. चार-पाच तरुणांनी मिळून एका हंगामात वीस सामने दाखवले, त्यांतील दहांचे समालोचन छत्तीसगढीत केले, प्रत्येक सामन्याचा जमाखर्च लिहून ठेवला, तर मुंबईतील एखाद्या निर्मिती कंपनीसमोर ठेवायला त्यांच्याकडे पदविकेच्या कागदापेक्षा अधिक काही असेल. यासाठी जिल्हा संघटनेची लेखी परवानगी आधी घ्यावी, कारण चित्रणाचे हक्क तिचे असतात. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची संमतीही घ्यावी. परवानगीच्या पत्रात जाहिरातीचे उत्पन्न कोणी किती घ्यायचे, तेही त्याच दिवशी लिहून टाकावे.